आपण कोणाचे?

चेन्नईत तंजावुरी मराठी घरे अजून बरीच आहेत. बाहेर तमिळ, कार्यालयात इंग्रजी आणि उंबरठ्याच्या आत आपल्यापेक्षा किंचित जुनी वाटणारी मराठी, असा त्यांचा अनेक पिढ्यांचा शिरस्ता. अशाच एका परिचित कुटुंबातील मुलगा परवा माझ्याकडे आला होता. याच वर्षी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. हातात एक छापील कागद, त्यावर नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारले जाणारे वीसेक प्रश्न. "काका, तुम्ही मुलाखती घेता ना? मग एवढी उत्तरे तपासून द्या," म्हणाला.

पहिला प्रश्न अर्थातच ‘स्वतःविषयी थोडे सांगा’ हा होता. त्याखाली त्याने इंग्रजीत लिहिलेल्या उत्तराची सुरुवात अशी होती, की आमचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरास आले, पणजोबांचे वडील कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते, आजोबा अमुक खात्यात होते. स्वतः उमेदवाराचा प्रवेश सातव्या ओळीत होत होता.

मी पेन्सिल उचलली आणि पहिल्या सहा ओळी खोडणार तोच थांबलो. या मुलाने नकळत एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते. मद्रासच्या कचेऱ्यांत शंभर वर्षे जो प्रश्न खरोखर विचारला जात असे, तो ‘तुम्हाला काय येते?’ हा नव्हता. तो होता, ‘आपण कोणाचे?’ आणि त्या प्रश्नाचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना झाला, त्यांत आपली मराठी माणसे होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट अभिमानाने सांगितली आहे. तिची दुसरी बाजू मात्र आपण सहसा सांगत नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, आणि राजांच्या मागोमाग दप्तर सांभाळणारी माणसे आली. कंपनी सरकारला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्याचा महसूल वसूल करायचा होता, तेव्हा हिशेबाची तयार यंत्रणा याच मंडळींच्या हाती होती. तमिळ आणि तेलुगू मुलखातील अनेक जिल्हा कचेऱ्यांत महसुलाचे हिशेब मराठीत ठेवले जात. ज्या भाषेत खेड्यातील रयत बोलत नाही आणि जी गोऱ्या कलेक्टरला वाचता येत नाही, त्या भाषेत सरकारी दप्तर असणे म्हणजे काय, हे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगण्याची गरज नाही. दप्तर ज्याला वाचता येते, त्याच्याच हाती जिल्हा राहतो. आंध्रातील गुंटूर जिल्ह्याचा १७८८ ते १८४८ या काळाचा इतिहास रॉबर्ट फ्रायकेनबर्ग या अभ्यासकाने लिहिला आहे. त्यात देशस्थ घराण्यांनी कचेरीतील जागा आपसांत कशा राखल्या आणि वरिष्ठांपासून खरी आकडेवारी कशी दडवली, याचे तपशीलवार चित्र आहे. ते वाचताना मराठी वाचकाला थोडे अवघडल्यासारखे होते. मला झाले.

या व्यवस्थेत मुलाखत नव्हती, उमेदवारी होती. आज ‘उमेदवार’ म्हणजे अर्ज करणारा किंवा निवडणुकीला उभा राहणारा. परंतु शब्दाचा मूळ अर्थ ‘आशेवर असलेला’ असा आहे. जुन्या कचेरीत उमेदवार म्हणजे पगाराशिवाय काम करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण. त्याने नकला कराव्या, बेरजा तपासाव्या, वरिष्ठांची खासगी कामेही करावी, आणि दोन-चार वर्षांनी कोणाच्या तरी शब्दावर पोटापुरती जागा मिळवावी. बसायला जागा मिळे ती मामा, काका, मेहुणा यांच्यापैकी कोणी आत असेल तरच. परीक्षा काहीच नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षे काम पाहून केलेली निवड पंधरा मिनिटांच्या मुलाखतीपेक्षा नक्कीच खोल असते. पण त्या परीक्षेला बसण्याचा हक्कच जन्माने ठरत असे.

याला अपवादही घडत. टी. मुथुस्वामी अय्यर यांची गोष्ट मद्रासमध्ये आजही सांगितली जाते. १८३२ चा जन्म, घरची अत्यंत गरिबी, आणि गावच्या हिशेबनिसाकडे महिना एक रुपयावर नोकरी. तिरुवारूरच्या तहसीलदाराला एके दिवशी नदीच्या फुटलेल्या बांधाची माहिती तातडीने हवी होती आणि जवळ कोणी कारकून नव्हता. हा मुलगा पुढे झाला, जागेवर जाऊन आला, आणि खिंडार किती, माती किती लागेल, माणसे किती लागतील, हे सारे बिनचूक सांगितले. तहसीलदाराचा विश्वास बसेना. मागाहून दुसऱ्याकडून पडताळणी झाली तेव्हा पटले. त्याच तहसीलदाराने त्याला पुढे मद्रासला शिकायला धाडले, आणि तो मुलगा कालांतराने मद्रास उच्च न्यायालयाचा पहिला भारतीय न्यायाधीश झाला. न्यायालयाच्या इमारतीत त्यांचा पुतळा आहे. एका कामाविषयी एकच नेमका प्रश्न, आणि बापाचे नाव न विचारता केलेली निवड, अशी मुलाखत मी अजून कुठल्या मंडळावर पाहिलेली नाही. मात्र त्या दिवशी कारकून जागेवर असता तर हा मुलगा कोणाला दिसलाही नसता, हेही खरे.

दुसरा प्रश्न विचारायचा तर उत्तर तपासण्याचे साधन हवे, आणि ते शाळेने दिले. १८३९ साली मद्रासच्या सत्तर हजार रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्याकडे गेला. मागणी इंग्रजी उच्च शिक्षणाची होती. त्यातून १८४१ मध्ये हायस्कूल उघडले. केंब्रिजचे गणिती आयर बर्टन पॉवेल तेथे मुख्य होते. मरिना किनाऱ्यासमोरचे आजचे प्रेसिडेन्सी कॉलेज ते हेच. विद्यापीठ १८५७ मध्ये आले. त्यापूर्वी या शाळेचे प्रवीणतेचे प्रशस्तिपत्र हीच मद्रासची पदवी होती.

ते पहिल्या काही वर्षांतच मिळवणाऱ्यांत एक तरुण होता टी. माधवराव, कुंभकोणमचा तंजावुरी मराठी, जन्म १८२८. हे नाव महाराष्ट्रात बडोद्यामुळे माहीत आहे. त्याला दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत होती, हे त्याच्या बाबतीत लक्षणीय आहे. ‘आपण कोणाचे?’ असे विचारले तर वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण, ‘काय येते?’ असे विचारले तर पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकलेले गणित आणि इंग्रजी. १८४६ मध्ये शिक्षण संपले, १८४७ मध्ये मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात नोकरी लागली, आणि १८४९ मध्ये ती सोडून तो त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक झाला. तिशी गाठण्याच्या सुमारास दिवाण. यात घराण्याचा वाटा किती आणि गुणांचा किती, हे वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही. त्रावणकोरची विस्कटलेली तिजोरी त्याने सावरली ती मात्र वडिलांच्या नावावर नव्हे.

याच माधवरावांच्या बडोद्यातील कारकिर्दीच्या आरंभाशी मराठीतील सर्वांत प्रसिद्ध मुलाखत जोडलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून मुले बडोद्यास आणली गेली. महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता. प्रत्येकाला विचारले गेले म्हणतात, ‘तू इथे कशाला आलास?’ इतरांची उत्तरे साधी होती. गोपाळराव म्हणाला, मी राज्य करायला आलो. तोच सयाजीराव झाला. आख्यायिका म्हणून ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. परवाच्या त्या छापील कागदावर तिसरा प्रश्न हाच होता: ‘तुम्हाला आमच्याकडेच का यायचे आहे?’ गोपाळरावाचे उत्तर आज कोणत्याही कंपनीत दिले तर उमेदवार उद्धट ठरेल. पण त्यानंतर काय झाले, हा भाग गोष्टीत नसतो. पुढची काही वर्षे त्या मुलाला शिकवण्यात गेली, आणि १८८१ मध्ये दिवाण माधवरावांनी स्वतः राज्यकारभारावर त्याला व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपात आहेत. उत्तर ऐकून निवड झाली. लायकी नंतर घडवावी लागली.

पुन्हा मद्रासकडे वळू. १८५४ साली महसूल मंडळाने एक स्थायी आदेश काढला. १२८ क्रमांकाचा आदेश म्हणून तो या राज्याच्या इतिहासात ओळखला जातो. जिल्ह्यातील दुय्यम जागा मोजक्या वजनदार घराण्यांच्या मक्तेदारीत जाणार नाहीत याची कलेक्टरांनी काळजी घ्यावी आणि मुख्य नेमणुका निरनिराळ्या जातींत वाटण्याचा प्रयत्न करावा, असा त्याचा आशय. ही घराणी सगळीच मराठी नव्हती. तरीही बाण कोणत्या दिशेने होता, हे त्या काळच्या शिरस्तेदारांच्या नावांकडे पाहिले की कळते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेकॉलेच्या समितीने कंपनीच्या बड्या सनदी नोकऱ्या शिफारशीऐवजी स्पर्धा परीक्षेने भरण्याचा अहवाल दिला. साहेबाच्या मुलालाही मामाच्या चिठ्ठीवर नोकरी मिळण्याचे दिवस संपत होते. दोन्ही घटना एकाच वर्षातील असाव्यात हा योगायोग असेल. पण माझ्या मते रोग एकच होता.

आदेश निघाला म्हणून माणसे बदलली नाहीत. परीक्षा आल्या, पण परीक्षेला बसण्याइतके इंग्रजी ज्यांच्या घरात आधी पोहोचले होते तेच वर आले. म्हणून १९२१ आणि १९२७ मध्ये जस्टिस पक्षाच्या काळात आणि त्यानंतर जातवार नेमणुकांचे सरकारी आदेश निघाले. १९२७ च्या आदेशात दर बारा जागांपैकी पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन मुसलमानांना, दोन ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना आणि एक दलितांना, अशी वाटणी होती. १९२९ च्या कायद्याने मद्रास सेवा आयोग स्थापन झाला. देशातील हा पहिला प्रांतिक लोकसेवा आयोग. आजही त्याचा वारस तमिळनाडू लोकसेवा आयोग पार्क टाउनमध्ये आहे आणि त्याच्या निकालाच्या दिवशी या शहरातील हजारो घरांत जेवण लांबते.

या जातवार आदेशांवर आपल्या समाजात जुनी माणसे अजून कडवटपणे बोलतात. मला त्याकडे कारभाराच्या दृष्टीने पाहावेसे वाटते. ‘आपण कोणाचे?’ हा प्रश्न त्यापूर्वी तोंडी होता, बंद खोलीत होता, आणि त्याच्या उत्तराची नोंद कोठेही होत नव्हती. आता तो अर्जावरच्या रकान्यात आला. रकान्यातले मोजता येते, त्यावर भांडता येते, न्यायालयात जाता येते, आणि लोक गेलेही. तोंडी प्रश्नावर दाद मागणार कोणाकडे?

तोंडी परीक्षेचे आजचे स्वरूप पहिल्या महायुद्धाच्या काळातले. १९१७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेथ्स समितीने सुचवले, की लेखी परीक्षेबरोबर उमेदवाराची तरतरी आणि सर्वसाधारण समज समोरासमोर पाहावी, पुस्तकी ज्ञान पुन्हा तपासू नये. तीच कल्पना इकडे आली. तमिळमध्ये मुलाखतीला ‘नेर्मुगत् तेर्वु’ म्हणतात, म्हणजे समोरासमोरची निवड. शब्द मोठा प्रामाणिक आहे. समोर आल्यावर मात्र दिसते ते केवळ बुद्धीच असे नाही.

१९५१ मध्ये मद्रास विद्यापीठाची इंग्रजीची एम. ए. असलेली अॅना राजम जॉर्ज लोकसेवा आयोगासमोर बसली. मंडळाचे अध्यक्ष आर. एन. बॅनर्जी होते आणि सोबत आयसीएस अधिकारी. तिचे गुण प्रशासन सेवेत येण्याइतके होते. तरी मंडळाने सुचवले, की परराष्ट्र सेवा किंवा एखादी केंद्रीय सेवा घ्यावी, स्त्रियांना ती अधिक मानवेल. तिने प्रशासन सेवाच मागितली आणि राज्य मद्रास घेतले. नेमणुकीच्या पत्रात अट होती, की विवाह केल्यास सेवा संपेल. मुख्यमंत्री राजाजींना स्त्रीने जिल्ह्यात अधिकार गाजवावा हे पसंत नव्हते. त्यांनी सचिवालयातील जागा देऊ केली. घोडेस्वारी आणि बंदूक आपण पुरुषांबरोबरीने शिकलो आहोत, असे सांगून तिने जिल्हाच मागितला आणि होसूरला सब-कलेक्टर म्हणून गेली. पुढे तीच अट नियमांतून गेली, तिने आपले बॅचमेट आर. एन. मल्होत्रा यांच्याशी विवाह केला, आणि अनेक वर्षांनी मुंबईसमोरचे न्हावा-शेवा बंदर उभे राहिले ते तिच्या अध्यक्षतेखाली. २०१८ मध्ये मुंबईतच तिचे निधन झाले. जेएनपीटीच्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल?

छापील कागदावर ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कोठे पाहता?’ असा प्रश्न होता. मुलग्यांना तो महत्त्वाकांक्षेविषयी असतो. मुलींना अनेकदा तो १९५१ सालचाच असतो, फक्त शब्द बदललेले.

न्यायालयांनी या खोलीचे दार थोडेफार उघडले आहे. १९७० मध्ये मद्रासच्याच वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणात, ए. पेरियकरुप्पन या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आले की मुलाखतीचे गुण ठरवून दिलेल्या निकषांवर वेगवेगळे न देता एकगठ्ठा दिले होते. ते बेकायदेशीर ठरले. १९८० च्या अजय हासिया प्रकरणात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांची तक्रार होती, की मुलाखत दोन-तीन मिनिटांची झाली आणि प्रश्न वडील कोण आणि राहता कोठे एवढेच होते. दीडशे वर्षांनंतरही तोच प्रश्न! न्यायालयाने तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे अवाजवी मानले. पुढे १९८५ मध्ये अशोककुमार यादव खटल्यात हरियाणाच्या सेवांसाठी मर्यादा १२.२ टक्के सुचवली गेली, आणि उमेदवार नातेवाईक असल्यास सदस्याने त्या मुलाखतीपुरते उठून जावे असेही सांगितले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. मी या निर्णयाच्या बाजूचा आहे, जरी काही सहकाऱ्यांना तो माणसे न पाहता माणसे घेण्यासारखा वाटतो.

बाजूचा का आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका निवड मंडळावर होतो. रामनाथपुरमकडील एक मुलगा आला. अतिशय घाबरलेला. त्याला मोकळे करावे म्हणून मी सहज विचारले, "वडील काय करतात?" तो काही क्षण गप्प राहिला आणि मग खाली पाहून म्हणाला, "कूली, सर." त्यानंतर त्याचा आवाज वर आलाच नाही. अर्जावर त्याची गुणपत्रिका होती, पाणीपुरवठ्यावर केलेला प्रकल्प होता, विचारण्यासारखे दहा प्रश्न समोर पडले होते. मी निवडला तो आमच्या पूर्वजांचा प्रश्न, आणि तोही दयाबुद्धीने. त्याला माझ्याकडून कमी गुण मिळाले नाहीत. पण इतरांच्या कागदावर काय पडले ते मला ठाऊक नाही, आणि निवडयादीत त्याचे नाव नव्हते. तेव्हापासून मी पहिला प्रश्न उमेदवाराने केलेल्या कामाविषयी विचारतो. फार काही साधते असे नाही. निदान तो बोलू लागतो.

तर त्या तंजावुरी मुलाच्या सहा ओळी मी अखेर खोडल्या. तो हिरमुसला. "मग घराचे काहीच सांगायचे नाही का?" मी म्हटले, "विचारले तर सांग. आधी तू काय केलेस ते सांग." त्याने शेवटच्या वर्षी वेळाच्चेरीतील पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा तयार केला होता. कोणती गटारे उलट उताराची आहेत, ते गल्लोगल्ली फिरून मोजले होते. हे उत्तरात कोठेच नव्हते! आम्ही ते वर आणले. ‘तुमची उणीव कोणती?’ या प्रश्नाला त्याने ‘मी फार परिश्रम करतो’ असे लिहिले होते. ते काढून ‘लिखित तमिळ माझे कच्चे आहे, शिकवणी लावली आहे’ असे खरे ते लिहवून घेतले. बाकीच्या प्रश्नांवर फारसा वेळ घालवला नाही.

मुलाखत होऊन आल्यावर त्याचा फोन आला. नावापुढे राव पाहून मंडळातील एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "तुम्ही तेलुगू का?" हा म्हणाला, "नाही मॅडम, घरी मराठी बोलतो." त्यांना ते नवल वाटले, आणि तंजावर, मोडी, सरस्वती महाल यांवर पहिली सात-आठ मिनिटे गेली. गटारांच्या नकाशाकडे वळायला वेळ मिळाला का, असे मी विचारले.

"मिळाला, काका. पण मीच काढावा लागला."

निकाल अजून लागायचा आहे.